एकट्यानं द्यायची पहिली परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांची एक सवय इथल्या अनेकांना ठाऊक आहे. मूल शाळेतून बाहेर पडलं तरी गुरुजींची चौकशी थांबत नसे. बाजारात, एस.टी. स्टँडवर, कुणाच्या लग्नात भेटले की ते विचारत, सध्या काय वाचतोस? नोकरी लागली का, हा प्रश्न त्यांनी आधी विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून संयोजकांनी जेव्हा सांगितलं की पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींचा हुरूप कसा टिकावा यावर बोला, तेव्हा मी लगेच होकार दिला. हा विषय गुरुजींच्या आवडीचा आहे.

पत्रिकेवर 'प्रेरणादायी व्याख्यान' असं छापलं आहे. पण पेटवून देणारं भाषण मी करणार नाही. भाषणानं चढलेला जोर घरी पोचेपर्यंत टिकतो, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. पदवीनंतरच्या परीक्षेचा अभ्यास वर्ष-दीड वर्ष चालतो. एवढा काळ माणूस कशाच्या आधारावर तग धरतो, आणि तो आधार लोह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी कोण देऊ शकतं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आधी या परीक्षा कोणत्या ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण घरात बहुतेकदा त्यांची नावंही नीट माहीत नसतात. बी.एस्सी. झालेल्या मुलाला आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम. इंजिनिअरला एम.टेक. करायचं तर गेट. केंद्रीय विद्यापीठांत एम.ए., एम.एस्सी. करायचं तर 2022 पासून सुरू झालेली सीयूईटी-पीजी. एमबीए, कायदा यांसाठी राज्याची सीईटी. आणि एम.ए. झाल्यावर प्राध्यापक व्हायचं किंवा संशोधन करायचं तर नेट आणि सेट. 2024 च्या जूनपासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही नेटचे गुण धरायला सुरुवात झाली. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर 2023 पासून सुरुवातीची दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये मिळतात. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला हा आकडा काय वाटेल, हे मी सांगायला नको. जेवढं आकर्षण मोठं, तेवढी स्पर्धाही मोठी आहे. नेटच्या दोन्ही पेपरांना बसणाऱ्यांपैकी साधारण 6 टक्के उमेदवार सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरतात.

आता आपल्या भागाचं बोलू. आपल्या एका हाताला नांदेड आहे, दुसऱ्या हाताला लातूर. परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी, हे या दोन शहरांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 साली सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे तिथले पहिले प्राचार्य, आणि पुढे 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच. त्या वातावरणातून जो 'लातूर पॅटर्न' उभा राहिला, त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. दर आठवड्याला चाचणी, तपासून हातात पडलेला पेपर, पुन्हा तोच धडा, पुन्हा चाचणी. या शिस्तीनं शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या, छोट्या दुकानदारांच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं. ज्यांच्या घरात पुस्तकाचं कपाट नव्हतं त्यांना त्या शिस्तीनं उभं केलं, हे विसरता येणार नाही.

पण त्या शिस्तीचं ओझं कोण उचलत होतं, याकडे लक्ष द्या. वेळापत्रक वर्ग लावत होता. उठवायला आई होती, नाहीतर वसतिगृहाची घंटा. चाचणीत कमी पडलं तर सर बोलावून घेत. शेजारच्या बाकावर त्याच वयाचा, तोच धडा वाचणारा दुसरा मुलगा होता. बारावीनंतर यातली एकेक गोष्ट गळत जाते. बी.ए., बी.एस्सी.च्या तीन वर्षांत हजेरी सैल होते, आणि पदवीनंतर तर काहीच उरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी जॅमसाठी गणित करणारी मुलगी बहुधा गावात एकटी असते. नेटसाठी समाजशास्त्र वाचणारा मुलगा त्याच्या आळीत एकटा असतो. त्याला काय वाचावं हे सांगणारं कुणी नाही, वाचलेलं विचारणारं कुणी नाही, आणि थांबला तर हे कळणारंही कुणी नाही. आपल्या पोरांसाठी ही एकट्यानं द्यायची पहिली परीक्षा असते. तो चार महिन्यांनी ढिला पडला की आपण म्हणतो, याच्यात जिद्द नाही. माझ्या अनुभवात त्या मुलांत जिद्द पुरेशी असते. त्यांना सोबत नसते.

एकटं पडणं म्हणजे नुसतं खोलीत एकटं बसणं नव्हे. स्टँडवर चहाच्या टपरीशी कुणी ओळखीचा भेटतो आणि विचारतो, "काय करलालास सध्या?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण 'अभ्यास करतोय' या उत्तराला आपल्याकडे चोवीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी किंमत नाही. मग पोरं त्या रस्त्यानं जायचं टाळतात. पुढं नातेवाइकांच्या लग्नाला जात नाहीत. मित्र नोकरीला लागलेले असतात, म्हणून त्यांचे फोन उचलत नाहीत. अभ्यासासाठी म्हणून माणसं तोडली, आणि माणसं तुटल्यामुळं अभ्यासही तुटला, असं मी किती घरांत पाहिलं आहे.

त्यात आपल्या शेतीचं आणि परीक्षांचं वेळापत्रक एकमेकांवर येऊन आदळतं, हे शहरातल्या मार्गदर्शकाच्या ध्यानात येत नाही. नेटची एक फेरी जूनच्या सुमारास होते, तेव्हा इकडे पाऊस पडून सोयाबीनची पेरणी सुरू असते. दुसरी फेरी डिसेंबरच्या आसपास, तेव्हा कापसाची वेचणी आणि तुरीची काढणी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, घरात पाहुणे. गेट आणि जॅम फेब्रुवारीत, तेव्हा हरभरा हातातोंडाशी आलेला. सीयूईटी मार्चमध्ये, आणि त्यानंतर लगेच लग्नसराई. शेतकऱ्याच्या घरात राहून अभ्यास करणाऱ्या मुलाला शेवटचे तीन आठवडे मोकळे मिळतील असं गृहीत धरून आखलेलं वेळापत्रक इथं चालत नाही. त्यानं शेवटच्या महिन्यातला अभ्यास दोन महिने आधीच संपवायचा असतो, आणि शेताच्या दिवसांत फक्त उजळणी ठेवायची असते. हे कुणी आधी सांगितलं नाही म्हणून मुलगा पेरणीच्या धांदलीत मागं पडतो आणि स्वतःला आळशी समजू लागतो.

मुलींचं आणखी वेगळं आहे. मुलाला घरातून दोन वर्षं मिळतात, मुलीला बहुतेकदा एक स्थळ येईपर्यंतचा अवधी मिळतो. तो किती, हे तिला माहीत नसतं. उद्या थांबवलं जाईल या धास्तीत रोज पुस्तक उघडणं किती कठीण आहे, याचा विचार इथं बसलेल्या वडील मंडळींनी करावा. तिला तारीख द्या. अमुक परीक्षेपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही, असं एकदा स्पष्ट सांगा आणि तो शब्द पाळा. तुमच्या दहा शाबासक्यांपेक्षा त्या एका तारखेनं तिचा अभ्यास जास्त होईल.

भाषेचा एक अडथळा आहे, तोही उघडपणे बोलला पाहिजे. सेटचा पहिला पेपर मराठीतून वाचायला मिळतो. नेटचा पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. गेट आणि जॅम पूर्णपणे इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा विषयात कच्चा नसतानाही पहिल्या सराव पेपरात निम्म्यावर अडकतो आणि समजून बसतो की आपली कुवतच नाही. त्याला मी आपल्याच भागाचा इतिहास सांगतो. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू होईपर्यंत आपल्याकडच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावं लागे. 1918 साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांनी इतिहास, गणित, विज्ञान उर्दूतून शिकून पदव्या घेतल्या. हे अन्यायाचं होतं, आणि तो अन्याय दूर व्हावा म्हणून माणसं झगडली. आजही नेटचा पहिला पेपर मराठीत मिळावा ही मागणी आपण केली पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत मुलानं रोज इंग्रजीतला एक उतारा मोठ्यानं वाचायचा, नडलेले शब्द लिहून ठेवायचे, एवढं करायलाच हवं. काही महिन्यांत फरक पडतो, हे मी मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता अभ्यासाच्या आत जे घडतं त्याकडे येतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगतो, गाव सांगत नाही. इतिहास घेऊन एम.ए. झालेली, नेटची तयारी करत होती. राष्ट्रकूटांच्या प्रकरणावर येऊन थांबली. दंतिदुर्ग, पहिला कृष्ण, तिसरा गोविंद, अमोघवर्ष, तिसरा कृष्ण. नावांची रांग, सनांची रांग, रोज पाठ करायची आणि रोज विसरायची. नेटमध्ये कालानुक्रम लावायला सांगतात, तिथं हमखास चुकायची. पंधरवडा असा गेला आणि तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. मला म्हणाली, "सर, मन लागत नाही." मी तिला विचारलं, कंधारला कितीदा गेलीस? म्हणाली, बाजाराला जाते की. किल्ल्यात? लहानपणी सहलीला.

कंधार इथून अर्ध्या तासावर. ती एका सकाळी गेली. किल्ल्याभोवतीचा पाण्याचा खंदक पाहिला, जगत्तुंग सागर या तलावाच्या काठानं फिरली. मानसपुरीला क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष सापडले, त्यांतल्या पावलांच्या आकारावरून मूर्ती केवढी असेल याचा अंदाज करत उभी राहिली. आणि मग तिला जे पुस्तकात दहा वेळा वाचूनही दिसलं नव्हतं ते दिसलं. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचं बिरुद. तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपुरवराधीश्वर म्हणवून घेत होता. ज्यानं 949 साली तक्कोलमला चोळांचा पराभव केला, ज्याची राजधानी मान्यखेट आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात होती, त्या राजाला आपल्या बिरुदात आपल्या शेजारचं हे गाव मिरवावंसं वाटलं. का? ती या प्रश्नावर अडली, आणि त्या अडण्यानंच तिचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. कंधारचा शिलालेख कुणी वाचला, त्यात काय आहे, तलावाची व्यवस्था कशी होती, हे शोधायला ती नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ लागली. राजांचा क्रम आता तिला पाठ करावा लागत नव्हता. वेरूळचं कैलास कुणाच्या काळातलं आणि कंधारचा तलाव कुणाच्या नावाचा, हे तिच्या डोक्यात जागच्या जागी बसलं होतं.

तिला प्रश्नानं उठवलं, बक्षिसानं नव्हे. या फरकावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागं पैसे दिले, आणि पुढच्या टप्प्यात ते बंद केले. दुसऱ्या गटाला कधीच काही दिलं नाही. मोकळ्या वेळात, कुणी पाहत नसताना, कोण कोड्याशी खेळतं हे पाहिलं. पैसे मिळालेल्या गटाचा ओढा उतरला होता. पुढे डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी यावर आयुष्यभर काम केलं आणि मांडलं की माणसाचं मन कामात टिकतं ते तीन गोष्टींवर: काम आपण स्वतः निवडलं आहे ही जाणीव, आपल्याला ते जमत चाललं आहे ही जाणीव, आणि आपलं म्हणणारी माणसं सभोवती असणं. 37,000 चा आकडा भिंतीवर लिहून अभ्यास करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही, घरची गरज मला ठाऊक आहे. पण तो आकडा सकाळी पाच वाजता उठवतो तो फार तर महिनाभर. त्यानंतर विषयातला एखादा प्रश्न उठवणारा लागतो. तुमच्या विषयात तुमचं कंधार कुठं आहे ते शोधा. अर्थशास्त्र असेल तर लोह्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव कसा ठरतो ते जाऊन पाहा. वनस्पतिशास्त्र असेल तर लिंबोटी धरणाच्या काठी जा. मराठी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या लिहून घ्या.

इथं कुणी म्हणेल, आवडीनं वाचणारे सगळे पास होतात का? नाही होत. नरहर कुरुंदकरांचं उदाहरण आपल्या भागातलं आहे. 1932 साली नांदापूरला जन्म, शिकायला हैदराबादला गेले. वाचनाचा अफाट नाद आणि चळवळीची ओढ. इंटरच्या परीक्षेत ते एकदा नाही, अनेकदा नापास झाले. बुद्धीत कमी होते असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. ते परीक्षेचा अभ्यास करतच नव्हते, जे मनाला भिडेल ते वाचत होते. पुढं नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, पदव्या उशिरानं घेतल्या, आणि पीपल्स कॉलेजात आधी प्राध्यापक, मग प्राचार्य झाले. त्यांची विद्वत्ता पदवीच्या आधीची होती. पण कॉलेजात शिकवायचं तर त्यांनाही एम.ए. व्हावंच लागलं, हेही खरं आहे. मी हे उदाहरण दोन प्रकारच्या मुलांना सांगतो. जो नापास झाला म्हणून स्वतःला नालायक समजतो, त्याला पहिला भाग. जो दिवसभर आवडीचं वाचतो आणि परीक्षेचा नमुना पेपर एकदाही सोडवत नाही, त्याला दुसरा.

नमुना पेपर सोडवायला मुलं का घाबरतात, यावर मी बराच विचार केला आहे. धडा चौथ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ते वाटणं सुखाचं असतं. पुस्तक मिटून कागदावर लिहायला बसलं की निम्मं आठवत नाही, आणि ते दुखतं. म्हणून मूल पुन्हा वाचायला बसतं. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं गेले. आणि आपल्याला पुढं चांगलं आठवेल, अशी खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती. म्हणजे ज्या रीतीनं मनाला बरं वाटतं तिनं कमी टिकतं, आणि जिच्यानं त्रास होतो तिनं जास्त टिकतं. हे विद्यार्थ्याला आधी माहीत असेल तर कमी गुण पडल्याच्या संध्याकाळी तो खचत नाही.

यासाठी मी मुलांना एक वही ठेवायला लावतो. दोनशे पानी साधी वही. डाव्या पानावर तारीख आणि चुकलेला प्रश्न. उजव्या पानावर उत्तर, आणि त्याखाली चूक का झाली ते तीनपैकी एका वाक्यात: 'माहीत नव्हतं', 'माहीत होतं, आठवलं नाही', 'प्रश्न नीट वाचला नाही'. बाकी काही लिहायचं नाही, स्वतःला शिव्या तर मुळीच नाहीत. महिन्यानं ती वही मोजायची. एका मुलानं मोजली तेव्हा त्याच्या चुकांत तिसऱ्या प्रकारच्या चुका सर्वांत जास्त निघाल्या. विधान आणि कारण अशा प्रश्नांत तो कारण वाचायच्या आधीच पर्याय ठरवत होता. तोवर तो म्हणत होता, माझं वाचन कमी पडतंय, अजून चार पुस्तकं आणतो. चार पुस्तकांची गरजच नव्हती, प्रश्न बोट ठेवून वाचायची होती. त्या दिवसापासून त्याचा चेहरा बदलला, कारण आपलं दुखणं कुठं आहे ते कळलं होतं आणि ते बरं होण्यासारखं होतं. जमत चाललं आहे ही जाणीव भाषणानं येत नाही, ती अशा वहीतून येते. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या प्रकारच्या चुका कमी झाल्या की ते डोळ्यांना दिसतं.

वेळापत्रकाबद्दल फार बोलत नाही. 'उद्यापासून दहा तास' असं लिहिण्यापेक्षा 'सकाळचं दूध घालून आलो की ओट्यावर बसून गणिताचे पाच प्रश्न' असं लिहा. कधी, कुठं, काय हे आधी ठरलेलं असलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलं आहे. तेवढं पुरे.

अभ्यास मध्येच तुटला तर काय करायचं, हे मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे तो तुटतोच. दुष्काळ पडतो, वडील आजारी पडतात, बहिणीचं लग्न निघतं. 1917 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. येताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणतीराच्या माऱ्यात बुडाली, पुस्तकं गेली. बडोद्यात राहायला जागा मिळेना, अपमान सोसून नोकरी सोडावी लागली. मुंबईत शिकवण्या केल्या, 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. या सगळ्या काळात एक गोष्ट त्यांनी हातची जाऊ दिली नव्हती. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी त्यांनी निघतानाच घेऊन ठेवली होती. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं. 1920 मध्ये, मुदत संपायच्या आत, ते परत गेले. 1921 मध्ये एम.एस्सी. झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला हरकती आल्यावर तो दुरुस्त करून 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यांची बुद्धी आणि त्यांचे कष्ट आपल्यापाशी नसतील. पण निघताना परतीची परवानगी घेऊन ठेवणं, मुदतीवर नजर ठेवणं, मित्रापुढं हात पसरायला न लाजणं, या तीन गोष्टी कुणालाही करता येतात. घरच्या अडचणीनं अभ्यास थांबवावा लागला तर पुन्हा कुठल्या महिन्यात, कुठल्या परीक्षेच्या अर्जापासून सुरू करणार, ते थांबवतानाच लिहून ठेवा. आणि लक्षात असू द्या, 1950 साली याच बाबासाहेबांनी आपल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं.

कधीकधी मुलाची काहीच चूक नसते. 18 जून 2024 ला देशभर नऊ लाखांहून अधिक मुलांनी नेट दिली, आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. ज्या पेपरफुटीच्या संशयावरून रद्द केली त्यातला समाजमाध्यमावरचा फोटोच बनावट होता, असं पुढं सीबीआयच्या तपासात आढळल्याच्या बातम्या आल्या. परीक्षा पुन्हा 21 ऑगस्टपासून झाली. त्या दोन महिन्यांत कितीतरी मुलं मोडली. संताप योग्यच होता, आणि व्यवस्थेनं त्याचं उत्तर दिलंच पाहिजे. पण ज्या ठिकाणी चार मुलं एकत्र बसून वाचत होती तिथं आठवड्याभराच्या रागानंतर पुस्तकं पुन्हा उघडली गेली, आणि जो एकटा होता तो ऑगस्टमध्ये परीक्षेला गेलाच नाही, असं मी जवळून पाहिलं.

आणखी एक गोष्ट, जी व्याख्यानात सहसा कुणी सांगत नाही. किती वेळा प्रयत्न करायचा हे पहिल्या प्रयत्नाच्या आधी घरात बसून ठरवा, आणि त्या काळात हाताला काही काम असू द्या: तासिका तत्त्वावर शिकवणं, दुकानात हिशेब, काहीही. नांदेडच्या विद्यापीठात किंवा तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या परिसरात शिकणं हे हरणं नाही. ठरवलेली मुदत संपली आणि यश आलं नाही तर दुसरी वाट धरणाऱ्या मुलाला गावानं नापास म्हणू नये. 6 टक्क्यांत न बसणारे 94 टक्के असतात, आणि ते आपलेच असतात.

आता माझी मागणी सांगतो, आणि ती या सभागृहातल्या मोठ्या माणसांकडे आहे. आपल्या गावात शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. महाविद्यालयांची वाचनालयं दुपारी बंद होतात. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत. यातली एक तरी खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. दिवे, पंखे, पिण्याचं पाणी, आणि मुली निर्धास्त येऊ शकतील अशी देखरेख, एवढंच लागेल. तिथं रविवारी एक तास असा ठेवा की नेट, सेट, गेट, जॅम दिलेली आपल्या तालुक्यातली मुलंमुली, पास झालेली आणि न झालेलीही, येऊन नव्यांचे पेपर तपासतील. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेल्यांनी महिन्यातून एकदा फोनवरून तपासून दिले तरी चालेल.

त्या खोलीच्या वीजबिलाची वर्षभराची जबाबदारी मी घेतो. किल्ली कुणाकडे राहील, हे आज सभा संपल्यावर इथंच ठरवू या. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी दाराजवळच्या वहीत लिहून जावं.